‘त्याला काय कळतंय?’ असं म्हणण्याआधी

गेल्या उन्हाळ्यात आंबेगाव तालुक्यातल्या एका वस्तीत, विहारात आरोग्य तपासणी ठेवली होती. बीपी, शुगर, हिमोग्लोबिन, एवढंच. दुपारी गर्दी ओसरल्यावर एक माउली आपल्या लेकराला घेऊन आली. “सिस्टर, पोरीला धाप लागती. बरगडीत दुखतंय म्हणती. पण डॉक्टरला हात लावू देत नाही.”

‘पोरगी’ तेवीस वर्षांची. बारीक कापलेले केस, पूर्ण बाह्यांचा शर्ट, त्यावर जाड जाकीट. एप्रिलचं ऊन आणि अंगात जाकीट. माझ्याकडे न बघता, भिंतीवरच्या घड्याळाकडे बघत तो बोलला, “आधी सांगा कुठं हात लावणार. मग लावा.” मी सांगितलं. आईला बाहेर बसवलं. शर्टाच्या आत छातीला हाडाच्या दवाखान्यात देतात तशी लवचिक पट्टी चार पदरी आवळली होती. खाली कातडी लाल, काही ठिकाणी सोललेली. ती पट्टी तो दिवसरात्र बांधायचा, झोपतानाही. आठ महिने.

मी विचारलं, “कशासाठी?” तो म्हणाला, “ही छाती माझी नाही.”

तो स्वतःला मुलगा मानतो, म्हणून मीही इथं ‘तो’ म्हणणार आहे. त्याची आणि त्याच्या आईची परवानगी घेऊनच लिहितेय. ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदललेत. जुन्नर-आंबेगावच्या वस्त्यांमधून फिरताना असं लेकरू मला पहिल्यांदाच भेटलं असं नाही. पहिल्यांदाच कुणी तोंडाने सांगितलं, एवढंच.

हे काय आहे?

जन्माच्या वेळी दाई किंवा डॉक्टर शरीर बघून मुलगा-मुलगी सांगतात. बहुतेकांना पुढे आयुष्यभर ते बरोबर वाटतं. काहींना वाटत नाही. लहानपणापासून किंवा वयात आल्यावर त्यांना आतून ठाम जाणवतं की आपण त्या नावाचे नाही. शरीर आणि हे जाणवणं जुळत नाही तेव्हा जी तगमग होते, तिला डॉक्टर ‘जेंडर डिस्फोरिया’ म्हणतात. आरशात बघवत नाही. अंघोळ अंधारात उरकावीशी वाटते. पाळी आली की चार दिवस जिवावर येतात. मुलगी म्हणून कुणी हाक मारली की पोटात खड्डा पडतो.

हा वेडेपणा नाही आणि कुणी केलेली करणीही नाही. जागतिक आरोग्य संघटनेची आजारांची नवी यादी १ जानेवारी २०२२ पासून लागू झाली. त्या यादीत ही गोष्ट मानसिक आजारांच्या प्रकरणातून काढून लैंगिक आरोग्याच्या प्रकरणात ठेवली आहे. उपचार मिळावेत म्हणून यादीत आहे, पण मनोविकार म्हणून नाही.

असल्या गोष्टी आपल्या मासिकात कशाला, असं कुणी म्हणेल. र. धों. कर्वे ‘समाजस्वास्थ्य’ मासिकात वाचकांच्या लैंगिक प्रश्नांना सरळ उत्तरं द्यायचे. त्यात समलिंगी संबंधांवरचे प्रश्नही असत. त्यांच्यावर अश्लीलतेचा खटला झाला तेव्हा, १९३४ मध्ये, त्यांचं वकीलपत्र बाबासाहेबांनी घेतलं. खटला हरले, कर्व्यांना २०० रुपये दंड झाला. पण लोकांनी प्रश्न विचारला तर त्याचं उत्तर द्यायलाच हवं, ही बाजू बाबासाहेबांनी कोर्टात उभं राहून मांडली होती. मग आरोग्याच्या पानाने लाजून कसं चालेल?

आणि त्यात ऑटिझम

या मुलाची दुसरी गोष्ट कुणाच्या ध्यानातच आली नव्हती. लहानपणी उशिरा बोलला. शाळेत कुणाच्या डोळ्यात बघायचा नाही, म्हणून मार खाल्ला. मिक्सर, फटाके, डीजे यांचा आवाज आला की कान दाबून कोपऱ्यात बसायचा. कपड्याच्या मागचं लेबल टोचतं म्हणून फाडून टाकायचा. नारायणगाव स्टँडवरच्या सगळ्या गाड्यांच्या वेळा तोंडपाठ. आता मोटार रिवायंडिंगच्या दुकानात काम करतो. तारेचे वेढे मोजताना एकाचीही चूक होत नाही. गावाने त्याला ‘शिष्ट’ आणि ‘अर्धवट’ अशी दोन्ही नावं ठेवली होती. विसाव्या वर्षी एका डॉक्टरांनी तपासून सांगितलं, ऑटिझम आहे. मराठीत आपण स्वमग्नता म्हणतो.

ऑटिझम हा मेंदूच्या घडणीतला फरक आहे. तो जन्मापासून असतो आणि औषधाने जात नाही. आवाज, स्पर्श, उजेड काहींना फार तीव्र लागतो. दुसऱ्याच्या बोलण्यातला आडवा अर्थ पटकन कळत नाही. ठरलेलं बदललं की गोंधळ उडतो. यातले अनेक जण नोकरी करतात, घर चालवतात. काहींना जन्मभर आधार लागतो.

या दोन गोष्टी एकाच माणसात असणं ही दुर्मीळ बाब नाही. २०२० मध्ये केंब्रिज विद्यापीठाच्या संशोधकांनी सहा लाखांहून जास्त लोकांच्या माहितीचा अभ्यास प्रसिद्ध केला. जन्माचं लिंग आणि स्वतःची जाणीव न जुळणाऱ्या लोकांमध्ये ऑटिझमचं प्रमाण इतरांपेक्षा तीन ते सहा पट दिसलं. याचा अर्थ एकामुळे दुसरं होतं असा नाही. दोन्ही एकत्र असू शकतात, एवढाच.

एकत्र असलं की त्रास मात्र दुप्पट होतो. पाळीचं पॅड टोचतं, वास सहन होत नाही, आणि पाळी येते हेच सहन होत नाही. पट्टीने जीव घुसमटतो, पण पट्टी काढली की शरीर डोळ्यांपुढे येतं. शिवाय मनातली तगमग शब्दांत सांगायलाच जमत नाही. हा मुलगा आईला वर्षभर एकच सांगत होता, “कपडे टोचतात.” आईने तीनदा कपडे बदलून आणले.

दवाखान्याच्या दारात

बरगडी बरी झाल्यावर तो म्हणाला, छातीची शस्त्रक्रिया करायची आहे. तिथून आमच्या फेऱ्या सुरू झाल्या.

जुन्नर, नारायणगाव, घोडेगावला ग्रामीण रुग्णालयं आहेत, मंचरला उपजिल्हा रुग्णालय आहे. ताप, बाळंतपण, सर्पदंश इथं बघतात. पण या कामासाठी मानसोपचारतज्ज्ञ, हार्मोनचे डॉक्टर आणि प्लास्टिक सर्जन, तिघंही लागतात. म्हणजे पुणं गाठायचं. मंचरहून साठेक किलोमीटर, जुन्नरहून नव्वदच्या पुढे. चाकणला गाडी अडकली की दिवस गेला. त्याचा आणि आईचा, दोन माणसांचा रोज बुडतो.

पहिल्या दवाखान्याचं नाव घेत नाही. ओपीडीत शंभर माणसं, वर पंखे खडखडतायत, नाव पुकारतात ते मुलीचं. तो कान दाबून जमिनीवर बसला. आत गेल्यावर डॉक्टर म्हणाले, “माझ्याकडे बघून बोल.” त्याला ते जमत नाही. “लग्न झाल्यावर सगळं ठीक होईल असं नाही का वाटत?” असं विचारलं, तर तो म्हणाला, “वाटत नाही.” पुढे गप्प. विचारलं तेवढंच उत्तर द्यायचं, ही त्याची रीत. केसपेपरवर ऑटिझमचा शेरा दिसताच डॉक्टर आईकडे वळले, “याला काय कळतंय? हे याच्या आजारातलंच खूळ असेल.” पत्र दिलं नाही.

ज्या कागदाने त्याला सवलत मिळायची, तोच कागद त्याच्या आड आला. परत येताना राजगुरुनगरपर्यंत आई एक शब्द बोलली नाही. मग म्हणाली, “सिस्टर, वेढे मोजताना कळतं त्याला. स्वतःचं अंग कळत नसंल का?”

डॉक्टरांनी सावध असणं चूक नाही. ही शस्त्रक्रिया परत फिरवता येत नाही. हे खूळ आहे की खोल जाणीव, दुसरा काही आजार तर नाही ना, परिणाम समजलेत का, हे तपासायलाच हवं. पण तपासणं वेगळं आणि दार लावणं वेगळं. ऑटिझम असलेला सज्ञान माणूस संमती देऊ शकतो. त्याला वेळ लागेल, चित्रं काढून समजवावं लागेल, प्रश्न लेखी द्यावे लागतील. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात ऑटिझम आहे, आणि दिव्यांग माणसाला कायद्यापुढे इतरांसारखाच दर्जा आहे हेही त्याच कायद्यात आहे.

पुढच्या वेळी दुसऱ्या रुग्णालयात जाताना आम्ही तयारीने गेलो. तीन रविवार बसून त्याने स्वतः एक पान लिहिलं. कधीपासून असं वाटतं, काय केल्यावर बरं वाटतं, शस्त्रक्रियेत काय होतं हे मला काय माहीत आहे, कशाची भीती वाटते. खाली मी चार ओळी जोडल्या: डोळ्यात बघत नाही, पण ऐकत असतो. एका वेळी एकच प्रश्न विचारा. हात लावण्याआधी सांगा. उत्तराला वेळ द्या. नंबर येईपर्यंत बाहेर झाडाखाली बसायची परवानगी मागितली, ती मिळाली. त्या मॅडमनी पान दोनदा वाचलं आणि चार भेटींनंतर पत्र दिलं. तुमच्या घरात असं लेकरू असेल तर असं पान जरूर लिहून न्या. दुसरं काहीही दुखत असलं तरी ते कामाला येतं.

शस्त्रक्रिया म्हणजे नेमकं काय

सगळ्यांनाच शस्त्रक्रिया हवी असते असं नाही. कुणाला नाव आणि कपडे बदलले तरी पुरतं, कुणाला हार्मोन पुरतात. ज्यांना हवी असते त्यांच्यासाठी ती वय १८ पूर्ण झाल्यावर, मानसोपचारतज्ज्ञांच्या पत्रानंतर होते. जगभरातल्या तज्ज्ञांच्या संस्थेने २०२२ मध्ये आपली मार्गदर्शक तत्त्वं सुधारली, त्यात एका तज्ज्ञाचं पत्र पुरेसं मानलं आहे. तरी आपल्याकडे बरीच रुग्णालयं दोन पत्रं मागतात.

छातीच्या शस्त्रक्रियेत पूर्ण भूल देऊन स्तनाची गाठाळ पेशी काढतात आणि छाती सपाट करतात. काही दिवस बाजूला नळ्या असतात. कित्येक आठवडे घट्ट बनियन घालावं लागतं. साधारण चार ते सहा आठवडे जड उचलायचं नाही, म्हणजे तेवढी मजुरी बुडते. व्रण राहतात, काही भाग बधिर राहू शकतो. आधी हिमोग्लोबिन नीट हवं. आणि बायांनो, भावांनो, मिश्री, तंबाखू, गुटखा, विडी काही आठवडे आधीपासून बंद. निकोटिनने जखम भरत नाही.

ऑटिझम असेल तर तयारी आणखी लागते. नळी, पट्टी, चिकटपट्टी, बोटाला लावायचा चिमटा, सगळं आधी हातात घेऊन बघू द्या. घट्ट बनियन घरी थोडा थोडा वेळ घालून सवय करा. वॉर्ड आधी दाखवून आणा. बायकांच्या वॉर्डात ठेवणार की पुरुषांच्या, हे आधीच विचारून घ्या. ऐन वेळी यावरून वाद झाला तर लेकरू तिथंच कोसळतं.

हक्क आणि कागद

बीड जिल्ह्यातल्या माजलगाव तालुक्यातले पोलीस कॉन्स्टेबल ललित साळवे आठवतात? महिला म्हणून भरती झालेल्या या पोलिसाने २०१७ मध्ये शस्त्रक्रियेसाठी रजा मागितली. खात्याने नाकारली. प्रकरण मुंबई उच्च न्यायालयात गेलं, तिथून प्रशासकीय न्यायाधिकरणाकडे. शेवटी परवानगी मिळाली आणि मे २०१८ मध्ये मुंबईच्या सेंट जॉर्ज या सरकारी रुग्णालयात पहिली शस्त्रक्रिया झाली. पुढचे टप्पे झाले, नोकरी टिकली, २०२० मध्ये लग्नही झालं. त्यांच्या तपासणीत वाय गुणसूत्र सापडलं होतं, म्हणून वैद्यकीयदृष्ट्या त्यांची गोष्ट आमच्या मुलापेक्षा वेगळी आहे. पण वाडीवस्तीवरचं माणूस सरकारी रुग्णालयात हे करून घेऊ शकतं, हे त्यांच्यामुळे महाराष्ट्राला दिसलं.

सर्वोच्च न्यायालयाने १५ एप्रिल २०१४ च्या निकालात आपलं लिंग स्वतः ठरवण्याचा हक्क मान्य केला. २०१९ मध्ये कायदा झाला, २०२० मध्ये नियम आले. त्या नियमांत जिल्हाधिकाऱ्यांकडून ट्रान्सजेंडर ओळख प्रमाणपत्र मिळण्यासाठी शरीर तपासणीची अट ठेवली नव्हती, प्रतिज्ञापत्रावर अर्ज होता. शस्त्रक्रियेनंतर स्त्री किंवा पुरुष अशा सुधारित प्रमाणपत्राची वेगळी तरतूद होती. असे नियम बदलत असतात, म्हणून अर्जाआधी समाजकल्याण कार्यालयात ताजी चौकशी करा.

पैशाचं म्हणाल तर ऑगस्ट २०२२ मध्ये केंद्राने आयुष्मान भारतमध्ये ओळख प्रमाणपत्र असलेल्यांसाठी वर्षाला ५ लाख रुपयांपर्यंतचं कवच जाहीर केलं. त्यात हार्मोन आणि ही शस्त्रक्रिया धरली आहे. मात्र यादीतल्या कोणत्या रुग्णालयात ती प्रत्यक्ष होते, हे घरून निघण्याआधी विचारा. नाहीतर तीन फेऱ्या वाया जातात. आमच्या गेल्या.

आपल्या घरांसाठी आणखी एक गोष्ट. नाव बदलताना शाळेचा दाखला, जातीचा दाखला, आधार, रेशनकार्ड यांत फरक पडला तर सवलत अडकते. म्हणून जुन्या सगळ्या कागदांच्या साक्षांकित प्रती आधी काढून ठेवा. नावबदलाचं राजपत्र सांभाळा. जातीचा मूळ दाखला कुणाच्याही हातात सोडून येऊ नका.

वाट बघताना जगायचं कसं

पत्र, कागद, तारीख यात वर्षं जातात. तोवर शरीर सांभाळायचं आहे.

– छातीला लवचिक पट्टी कधीही बांधू नका. श्वासागणिक ती आवळत जाते. मापाचं घट्ट बनियन किंवा खेळाडूंची ब्रा चालेल. तीही दिवसात आठ तासांपेक्षा जास्त नको, झोपताना आणि जड काम करताना नको. दुखलं, मुंग्या आल्या, धाप लागली तर लगेच काढा.

– पाळीचा त्रास असह्य असेल तर ती थांबवायची औषधं आहेत, स्त्रीरोगतज्ज्ञांना विचारा. पॅड टोचत असेल तर मऊ सुती कापडाचं वापरा.

– हार्मोनचं इंजेक्शन मित्राच्या सांगण्यावरून घेऊ नका. टेस्टोस्टेरॉनने आवाज फुटतो तो परत येत नाही, रक्त घट्ट होऊ शकतं, तपासण्या लागतात.

– मुलगा म्हणून जन्मलेली पण स्वतःला मुलगी मानणारी काही लेकरं छाती यावी म्हणून गर्भनिरोधक गोळ्या मूठमूठ खातात. यातून पायात, फुप्फुसात रक्ताची गुठळी होऊन जीव जाऊ शकतो. त्यात विडी असेल तर धोका आणखी.

– हिजडा घराण्यांत लिंग काढण्याच्या विधीला ‘निर्वाण’ म्हणतात. आपण त्या शब्दाचा काय अर्थ शिकलो आणि तो कुठं वापरला जातो! घरी किंवा भोंदू डॉक्टरकडे हे केल्यावर रक्तस्राव, जंतुसंसर्ग, जन्मभर लघवीचा त्रास, कधी मृत्यू. असं कुठं चाललं असेल तर थांबवा, रुग्णालयात न्या.

– आवाजाचा त्रास होत असेल तर कानात बोळे, डोक्यावर टोपी, खिशात हातात फिरवायला काहीतरी. लोक हसले तर हसू द्या.

– ‘मला जगायचं नाही’ असं लेकरू म्हणालं तर ते नाटक समजू नका. एकटं सोडू नका. टेली-मानसचा १४४१६ हा नंबर मोफत आहे, चोवीस तास चालतो, मराठीत बोलतात.

घरच्यांनो

लग्न लावून हे बदलत नाही. दोन आयुष्यं नासतात. भगत, देवऋषी, उतारे आपण १९५६ लाच सोडले, ते मागच्या दाराने आणू नका. आणि ‘आम्ही याला सरळ करतो’ म्हणणाऱ्या डॉक्टरच्याही नादी लागू नका. राष्ट्रीय वैद्यक आयोगाने २०२२ मध्ये असे उपचार हे व्यावसायिक गैरवर्तन ठरवले आहेत.

नाव बदलून हाक मारायला पैसे लागत नाहीत. त्याच्या आईला ते जमायला पाच महिने लागले. अजूनही चुकते, मग जीभ चावते. तो म्हणतो, “चुकली तरी चालेल, दुरुस्त करते ना.”

विहारात यावर बोलणं काढलं तेव्हा एक काका म्हणाले, धम्मात हे बसतं का? मी त्यांना विनयपिटकातली गोष्ट सांगितली. एका भिक्खूच्या शरीरात स्त्रीची लक्षणं प्रकट झाली. इतर भिक्खूंनी तथागतांना विचारलं. त्यांनी त्याला हाकललं नाही. तेच उपाध्याय, तीच उपसंपदा, तेवढीच वर्षावासांची ज्येष्ठता कायम ठेवून भिक्खुणी संघात राहायची अनुमती दिली. पुन्हा उलट घडलं तर तिकडून इकडे, तशीच. त्याच विनयात ‘पंडक’ म्हणवल्या गेलेल्यांना प्रव्रज्या नाकारणारा नियमही आहे, हेही मी लपवलं नाही. काका थोडा वेळ गप्प बसले, मग म्हणाले, “वर्षं कापली नाहीत, हे चांगलं केलं.”

आज त्या मुलाकडे पत्र आहे, ओळख प्रमाणपत्राचा अर्ज गेलाय, शस्त्रक्रियेची तारीख नाही. पट्टी सुटली, मापाचं बनियन आलं, बरगडीचं दुखणं थांबलं. तेवीस वर्षांत पहिल्यांदा तो यंदा भीमजयंतीच्या मिरवणुकीला आला. डीजेपासून शंभर पावलं मागे, कानात बोळे घालून, आईसोबत चालत होता. वस्तीतल्या पोरांनी त्याच्यासाठी पाण्याची गाडी मागच्या बाजूला घेतली होती. तारीख मिळेपर्यंत अशी थोडी जागा सगळ्या वस्त्यांनी करून द्यावी, एवढंच मागणं आहे. आणि तुमच्या घरात, शेजारी असं कुणी असेल तर पुढच्या तपासणीला घेऊन या. मी आधी विचारीन, मगच हात लावीन.

जय भीम.